व्हीएचएफ सेटवर दर ऑगस्टला 'नो पोझिशन' येतंय? अलार्म बंद करण्याआधी हे बघा

गोव्यातलं मालीम असो, कुटबण असो नाहीतर शापोरा, जुलैचा शेवटचा आठवडा आला की जेटीवर एकच तक्रार ऐकू येते. बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ सेट चालू होतो, चॅनल १६ वर (संकटाचा आणि हाक मारायचा चॅनल) आवाज येतो-जातो, शेजारच्या बोटीशी बोलणं होतं, सगळं ठीक, पण स्क्रीनवर जिथे अक्षांश-रेखांश दिसायला पाहिजेत तिथे नुसत्या रेघा आणि मधूनमधून टिंग टिंग अलार्म. मग कोणीतरी मेनूत जाऊन तो अलार्मच बंद करतो, बर्फ भरायचा असतो, डिझेल भरायचं असतं, १ ऑगस्टला सगळ्यांनाच निघायची घाई असते, आणि सेट अख्खा सीझन तसाच राहतो. पुढच्या ऑगस्टला परत तेच. मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण यातले बहुतेक प्रॉब्लेम जेटीवरच तासाभरात सुटणारे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एवढं करून कशाला बघायचं ते सांगतो. सेटवर झाकणाखाली जे लाल बटन असतं ते दाबून धरलं की सेट चॅनल ७० वर, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, संकटाचा एक डिजिटल कॉल पाठवतो, यालाच डीएससी म्हणतात. त्यात तुमचा ९ आकडी एमएमएसआय नंबर (बोटीच्या रेडिओची ओळख), बोटीची जागा आणि ती जागा किती वाजताची आहे ती वेळ असं सगळं आपोआप जातं, तुम्हाला तोंडाने काही बोलायला वेळ मिळाला नाही तरी. रेंजमधल्या प्रत्येक डीएससी सेटवर भोंगा वाजतो, किनाऱ्यावर ऐकणाऱ्यांकडेही. पण जीपीएस नसेल तर सेट जागेच्या ठिकाणी सगळे ९ भरतो आणि वेळेच्या ठिकाणी सगळे ८. म्हणजे कोणीतरी संकटात आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते नाही. आग्वादपासून काणकोणपर्यंतच्या दर्यात एक बोट शोधायची म्हणजे काय ते तांडेलांना मी सांगायला नको.

आणि रेघा दिसणं हे तरी बरं, निदान कळतं की काहीतरी बिघडलंय. त्याहून वाईट म्हणजे आकडे दिसतात पण ते जुने असतात. काही सेट जीपीएस गेला तरी शेवटची जागा दाखवत राहतात, कोणी हाताने जागा टाकली असेल तर बरेच सेट ती साडेतेवीस तास धरून ठेवतात. म्हणजे लाल बटन दाबलं की सेट सांगणार 'मी मालीम जेटीवर आहे' आणि बोट असणार वीस मैल बाहेर. म्हणून सवय लावून घ्या, नुसते आकडे आहेत की नाहीत ते बघू नका, आकडे हलतायत का ते बघा. चालत्या बोटीवर मिनिटांच्या पॉइंटनंतरचा शेवटचा आकडा सतत बदलायला पाहिजे. गोठलेला आकडा म्हणजे जीपीएस नाही असंच समजायचं.

आता मूळ प्रश्न. सगळ्यात आधी शोधा की तुमच्या सेटला जागा कुठून मिळते. हे न बघताच लोक मेनूत घुसतात आणि दिवस जातो. तीन प्रकार असतात: सेटच्या आतच जीपीएस रिसीव्हर, नाहीतर केबिनवर लावलेला वेगळा पांढरा मशरूम अँटेना, नाहीतर प्लॉटरकडून, म्हणजे बोट नकाशावर दाखवणाऱ्या यंत्राकडून, वायरने येणारी माहिती. प्लॉटरवर जागा दिसते आणि सेटवर नाही, तर आकाशाचा काही संबंध नाही, भानगड वायरीत किंवा सेटिंगमध्ये आहे. दोन्हीकडे नाही तर आधी अँटेना.

ऑगस्टलाच का होतं याचं एक साधं कारण आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, ६१ दिवस बोट उभी, बॅटऱ्या काढून घरी नेलेल्या. जीपीएस रिसीव्हरमध्ये शेवटची जागा, वेळ आणि उपग्रहांचं वेळापत्रक आठवणीत ठेवायला एक छोटी बॅकअप बॅटरी असते, ती दोन महिन्यांत उतरते. मग रिसीव्हरला सगळं शून्यापासून शिकावं लागतं. प्रत्येक उपग्रह आपली स्वतःची कक्षा दर ३० सेकंदांनी परत परत सांगतो पण सगळ्या उपग्रहांचं मिळून जे वेळापत्रक असतं ते पूर्ण उतरून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात, कारण ती माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने येते. आजकालच्या चिप मिनिटभरात जागा पकडतात, जुने रिसीव्हर नाही. म्हणून पहिल्यांदा चालू केल्यावर अर्धा तास सेट तसाच चालू ठेवा, मोकळ्या आकाशाखाली, मध्ये बंद-चालू करू नका. दर पाच मिनिटांनी 'रीस्टार्ट करून बघू' म्हणणारा माणूस बोटीवर असेल तर त्याला चहा आणायला पाठवा, कारण प्रत्येक रीस्टार्टला ते उतरवणं परत पहिल्यापासून सुरू होतं. अर्ध्या तासात आलं आणि दुसऱ्या दिवशी परत अर्धा तास लागला तर बॅकअप बॅटरी मेली असं समजा, ती बदलून घ्या.

पावसाचं आणि ढगांचं नाव घेऊ नका. मिरगाचा काळा ढग असला तरी १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल त्यातून आरामात येतो. अडवतात त्या वेगळ्या गोष्टी. एक, निळी ताडपत्री, जी अँटेनावरून ओढलेली असते आणि तिच्यावर पाणी साचलेलं असतं. ढगातून सिग्नल येतो, पण अँटेनाच्या डोक्यावर चिकटून बसलेला पाण्याचा थर त्याला नक्की कमजोर करतो. दोन, लोखंडी केबिन. आत जीपीएस असलेला सेट किंवा हँडहेल्ड वॉकीटॉकी फायबरच्या छपराखाली चालेल, लोखंडी छपराखाली चालणार नाही, उपग्रह २०,२०० किलोमीटर वर आहेत आणि खाली पोचणारा सिग्नल इतका बारीक असतो की पत्र्यातून यायचा प्रश्नच नाही. हँडहेल्ड असेल तर बाहेर डेकवर या, सेट उभा धरा, कमरेला उलटा लटकवून किंवा मुठीने वरचा भाग झाकून जागा मागू नका.

आणि तीन, रंग. ही खास बंदीच्या दिवसांतली गोष्ट. जून-जुलैत बोटीचं रंगकाम होतं आणि पेंटर मन लावून केबिनबरोबर तो मशरूमसुद्धा रंगवून टाकतो, दर वर्षी एक थर. साध्या रंगाचा एक हात असेल तर कदाचित चालून जातं पण चंदेरी किंवा कुठलाही धातूची पूड असलेला रंग असेल तर अँटेना आंधळा झाला. खरवडून काढायला जाऊ नका, प्लास्टिकचं कवच चिरतं आणि मग पाणी आत जातं. त्यापेक्षा नवीन लावा. आणि पुढच्या वर्षी रंग सुरू होण्याआधी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि नंतर आठवणीने काढा.

आता वायर. खारी हवा आणि दोन महिन्यांचा पाऊस, जॉइंट हिरवा झाला नाही तरच नवल. अँटेनाची केबल सेटकडून वर ५ व्होल्ट किंवा तेवढाच काहीतरी पुरवठा नेते, कारण मशरूमच्या आत अँप्लिफायर असतो. जॉइंटमध्ये मीठ साचलं की तो पुरवठाही जातो आणि सिग्नलही. केबल पोचत नाही म्हणून मध्ये टीव्हीची केबल जोडून काळी टेप गुंडाळलेली असते, तो जॉइंट एक सीझन जेमतेम टिकतो. शक्यतो जॉइंट नकोच, अखंड केबल टाका. करावाच लागला तर नीट कनेक्टर लावा, सोल्डर करा, वरून रबरासारखी स्वतःला चिकटणारी टेप ओढून गुंडाळा, आणि जॉइंटच्या आधी केबलला खाली एक वळण द्या म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल, आत शिरणार नाही.

प्लॉटरकडून येणाऱ्या वायरीचं थोडं वेगळं. तिथे एनएमईए ०१८३ नावाची भाषा चालते, प्लॉटर बोलतो आणि सेट ऐकतो. प्लॉटरचा आउट प्लस सेटच्या इन प्लसला, आउट मायनस इन मायनसला. वायरींच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, मॅन्युअलमधलं चित्र बघूनच जोडा. एक बोलणारा आणि अनेक ऐकणारे चालतात पण दोन बोलणारे एकाच कानात घातले तर दोघांचंही काही कळत नाही, हे प्लॉटर आणि एआयएस (आसपासच्या बोटी दाखवणारं यंत्र) दोन्ही एकाच वायरीला जोडणाऱ्यांसाठी. मग माहिती पाठवायचा वेग, म्हणजे बॉड रेट. सेट साधारणपणे ४८०० वर ऐकतो, एआयएस ३८४०० वर बोलतं, आणि एआयएस बसवताना कोणीतरी प्लॉटरचा पोर्ट ३८४०० वर टाकलेला असतो. त्या दिवसापासून सेट बहिरा. 'एआयएस बसवल्यापासून सेटवर पोझिशन नाही' असं कोणी सांगितलं तर मी आधी हेच बघतो. प्लॉटरच्या आउटपुटमध्ये आरएमसी हे वाक्य चालू आहे का तेही बघा, जागा आणि वेळ दोन्ही त्यातच असतात. त्या वाक्यात 'ए' असेल तर जागा खरी, 'व्ही' असेल तर प्लॉटर स्वतःच सांगतोय की मला अजून जागा मिळालेली नाही.

एक भानगड मात्र अशी आहे की अनुभवी माणूसही तिथे फसतो. जुना सेट, नवीन प्लॉटर, वायर बरोबर, वेग बरोबर, तरी काही नाही. कारण असं की फक्त अमेरिकेचे जीपीएस उपग्रह वापरणारा रिसीव्हर वाक्याची सुरुवात जीपी या अक्षरांनी करतो, आणि दोन-तीन देशांचे उपग्रह एकत्र वापरणारा नवीन रिसीव्हर जीएनने करतो. काही जुने सेट जीपी सोडून दुसरं काही ओळखतच नाहीत, जीएनवाली वाक्यं कचऱ्यात टाकतात. प्लॉटरच्या मेनूत फक्त जीपीएस ठेवून बाकीचे उपग्रह बंद करायचा किंवा वाक्याची सुरुवात जीपी करायचा पर्याय असतो, तो लावला की लगेच आकडे येतात. पर्याय नसेल तर सेट बदलणं किंवा सेटला वेगळा रिसीव्हर देणं एवढेच उपाय. आणि हो, प्लॉटर सिम्युलेशन मोडमध्ये नाही ना ते बघा. दुकानात डेमो दाखवताना चालू केलेला तो मोड तसाच राहतो आणि सेटवर मस्त हलणारे, पूर्ण खोटे आकडे येत राहतात.

आता ज्यांचा जीपीएस नीट सुरू होतो पण मध्येच जातो त्यांच्यासाठी. पीटीटी (बोलताना दाबायचं बटन) दाबला की पोझिशन गायब, सोडला की दोन मिनिटांनी परत? सेट १ वॉटवर टाकून बघा. १ वॉटवर राहते आणि २५ वॉटवर जाते असं असेल तर दोनच संशयित. २५ वॉटवर सेट पाच-सहा अँपिअर ओढतो, वायर बारीक किंवा फ्यूजचा जॉइंट गंजलेला असेल तर सेटच्या मागे व्होल्टेज पडतं आणि जीपीएस रीसेट होतो. मल्टिमीटर सेटच्या मागच्या प्लगवर लावा आणि कोणालातरी रिकाम्या चॅनलवर दोन सेकंद पीटीटी दाबायला सांगा, १६ वर नको. १२ वरून १० वर येत असेल तर वायर जाड करा, थेट बॅटरीवरून आणा. व्होल्टेज हललंच नाही तर मशरूम व्हीएचएफच्या अँटेनाला फार जवळ आहे. आपण १५६-१५७ मेगाहर्ट्झवर बोलतो, त्याची दहापट केली की जीपीएसच्या फ्रीक्वेन्सीच्या अगदी शेजारी येते, शिवाय २५ वॉटचा नुसता मारच इतका असतो की तो बारीक सिग्नल ऐकणारा रिसीव्हर दबून जातो. निदान मीटरभर तरी लांब करा, जमलं तर त्याहून जास्त, आणि दोन्ही एकाच दांडीला बांधू नका.

इंजिन चालू केल्यावर किंवा रात्री दिवे लावल्यावर जात असेल तर डेकवरचे स्वस्त एलईडी आणि मोबाईल चार्जर बघा. त्यांच्या आतला ड्रायव्हर रेडिओभर कचरा पसरवतो, व्हीएचएफची रेंजसुद्धा त्याने कमी होते, २०१८ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डने यावर सूचना काढली होती. एकेक स्विच बंद करत जा, ज्या स्विचला सेट शुद्धीवर येतो तो दोषी.

दिवे, इंजिन सगळं बंद, तरी सूर्य मावळल्यावर काही वेळ जागा डगमगते आणि मध्यरात्रीच्या आत आपोआप सुधारते, असं मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होत असेल तर सेट उघडू नका. आपण विषुववृत्ताच्या जवळ, इथे सूर्यास्तानंतर वरच्या वातावरणातला आयनोस्फियर उकळल्यासारखा होतो आणि उपग्रहांचे सिग्नल लुकलुकतात. सूर्य जास्त चेकाळलेला असतो त्या वर्षांत हे जास्त होतं. यावर जेटीवर काही उपाय नाही, जुन्या जागेची नोंद हातात ठेवायची आणि थांबायचं.

आता चुकीची जागा. 'सेट मला भलतीकडेच दाखवतो' म्हणतात त्यातली अर्धी माणसं मोबाईलशी जुळवून बघत असतात. मोबाईलचा नकाशा डिग्री दशांशात दाखवतो, सेट डिग्री आणि मिनिटांत. मालीमला मोबाईल साधारण १५.५०५, ७३.८३२ दाखवेल आणि सेट १५°३०.३' उत्तर, ७३°४९.९' पूर्व. दोन्ही एकच जागा आहे, दशांशाला ६० ने गुणा, ०.५०५ गुणिले ६० म्हणजे ३०.३. पण कोणी सेटवरचे आकडे १५.३०३, ७३.४९९ असे मोबाईलमध्ये टाकले तर खूण साधारण २२ किलोमीटर दक्षिणेला आणि ३५ किलोमीटर पश्चिमेला पडते, म्हणजे खोल दर्यात. आणि ही चूक आपल्याकडे नेहमी नैऋत्येलाच नेते, कारण मिनिटं ६० पर्यंत मोजायची ती १०० पर्यंत मोजली की आकडा कायम कमीच भरतो. मोले गावात उभं राहून असं केलं तर तुम्ही सांग्याच्या आसपास दिसाल. म्हणून खूण नैऋत्येला सरकलेली दिसली की सेटला दोष देण्याआधी गणित बघा. आणि हे नुसतं गणित नाही, चॅनल १६ वर घाईत 'पंधरा पॉइंट तीस' असं कोणी बोललं तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? कायम 'पंधरा डिग्री, तीस पॉइंट तीन मिनिट, नॉर्थ' असंच बोला. खलाशांपैकी निदान दोघांकडून हे मोठ्याने बोलून घ्या.

एक सोपी खूण लक्षात ठेवा, गोवा अक्षांशात १४°५४' ते १५°४०' च्या मध्ये येतो. किनाऱ्याजवळ असताना सेटवर १५ आणि ७३ सोडून दुसरे डिग्री दिसले, काणकोणच्या बाजूला १४ किंवा ७४ येईल तेवढं सोडून, तर काहीतरी मोठं चुकलंय.

वेळेचंही असंच. सकाळी सहाला सेट ००:३० दाखवतो म्हणून घाबरू नका, ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, आपली वेळ साडेपाच तास पुढे. मेनूत +५:३० टाका. पण तारीखच १९ वर्षं आणि साडेसात महिने मागची दिसत असेल तर ते वेगळं, जीपीएस आठवडे १०२३ पर्यंतच मोजतो आणि परत शून्यावर येतो, शेवटचं ७ एप्रिल २०१९ ला आलं होतं, पुढचं नोव्हेंबर २०३८ ला येईल. ज्या जुन्या रिसीव्हरला हे शिकवलेलं नाही तो मागच्या काळात राहतो. जागा बहुतेक वेळा बरोबर असते, फर्मवेअर (रिसीव्हरच्या आतला प्रोग्राम) अपडेट मिळतं का ते बघा, नसेल तर रिसीव्हर बदला.

हे विचारणारे पण असतात म्हणून सांगतो, याला रिचार्ज नाही, नेटवर्क नाही, सेट फक्त उपग्रहाचं ऐकतो, उपग्रहाला काही पाठवत नाही. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारी यंत्रं वेगळी, ती आपल्या देशात परवानगीशिवाय जवळ ठेवली तरी अडचणीत याल, पाहुण्याने परदेशातून आणून दिली तरी बोटीवर नको.

सगळं झालं की चाचणी. लाल बटन दाबून चाचणी करायची नाही, कधीच नाही. शेजारच्या बोटीला त्यांच्या एमएमएसआय नंबरवर साधा डीएससी कॉल करा, किंवा त्यांना तुमच्या सेटवर पोझिशन रिक्वेस्ट पाठवायला सांगा, त्यांच्या स्क्रीनवर तुमचे आकडे आले की काम झालं. सेकंडहँड सेट असेल तर आत जुन्या बोटीचा नंबर तर नाही ना तेही याच वेळी कळेल. चुकून लाल बटन दाबलं गेलंच तर गप्प बसून सेट लपवू नका, बंद करून परत चालू करा म्हणजे पुढचे कॉल थांबतील, नाहीतर सेट दर चार मिनिटांनी पाठवत राहतो, आणि लगेच १६ वर बोटीचं नाव आणि नंबर सांगून कॉल चुकून गेला असं स्पष्ट बोला. खरं सांगितलं की शोधणाऱ्यांचा वेळ वाचतो आणि तो वेळ दुसऱ्या कोणालातरी लागणार असतो.

आणि एवढं करूनही भर दर्यात जीपीएस गेलाच तर प्लॉटरवरचे किंवा मोबाईलवरचे आकडे हाताने सेटमध्ये टाका आणि बोट पुढे जाईल तसे बदलत राहा. मोबाईलचा जीपीएस नेटवर्क नसलं तरी चालतो. मोबाईलचे दशांश आहेत तसेच टाकलेत तर ७३ नंतरची ८३ मिनिटं सेट घेणारच नाही, आधी ६० ने गुणा. तेही नसेल तर १६ वर तोंडाने सांगा, आग्वादच्या दीपस्तंभापासून कुठल्या दिशेला आणि साधारण किती मैल, पाणी किती वाव, बोटीवर माणसं किती. मोबाईलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४ नंबर लावा, तो केबिनमध्ये सेटच्या शेजारी मोठ्या अक्षरात रंगवून ठेवा, पेंटर आलेलाच आहे तर.